शेवटच्या ओळीतली दुरुस्ती

"आत्याचं डोकं आता काम करून न्हाई राहिलं, मालक. छापलेलं पुस्तक हातात घेऊन म्हणते, असं लिहिलेलंच नव्हतं."

काउंटरपाशी उभा असलेला माणूस आवाज खाली आणून सांगत होता. मी त्याच्याकडे पाठ करून एका बारशाची पत्रिका जुळवत बसले होते. माणूस ओळखीचा होता. डोंगरकडा गावचे अविनाश सर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांच्या आत्या म्हणजे कुंदाआजी. आजींच्या थोरल्या बहिणीनं, मालनताईंनी, पुष्कळ वर्षांपूर्वी लिहिलेली एकुलती एक कादंबरी आमच्या छापखान्यानं दीड महिन्यापूर्वी पुन्हा छापली होती. सगळी अक्षरजुळणी मी केली होती.

"कोणती ओळ म्हणतात त्या?" मालकांनी विचारलं.

"शेवटची. म्हणते, मालनअक्कानं 'दिवा वाढवला' असं लिहिलं होतं. म्या म्हणलं, आत्या, मग तेच तर छापलंय, 'दिव्याची वात वाढवली'. तर कपाळावर हात मारून घेते. आन् त्या दिवसापासून अक्काच्या फोटोपुढं दिवा लावून बसलीय. इझूच देत न्हाई. झोपेतून उठून तेल घालते. परवा पदरानं पेट घेतला. आमची मंडळी तिथंच होती म्हणून निभावलं."

"अरे देवा."

"सोमवारी नांदेडला डोक्याच्या डॉक्टरला दाखवतो. आन् त्या खोलीला कुलूप घालतो. तुमाला एवढंच इचारायला आलो, का मूळ पुस्तकात काय होतं?"

"मूळ प्रतीबरहुकूम छापलंय, सर," मालक म्हणाले. "आमच्याकडं दोन-दोन वाचनं होतात. वय झालं की होतं माणसाचं असं."

माझी खुर्ची चाकांची आहे. पायानं जरा रेटली असती तर मी वळले असते. मी बारशाच्या पत्रिकेतला पाळणा डावीकडून उजवीकडे सरकवला आणि परत डावीकडे आणला. अविनाश सर निघून गेले.

मासिकाच्या या अंकासाठी 'तुमच्या कामाचे अनुभव लिहा' असं मला सांगितलं गेलं, तेव्हा मी आधी गमतीजमती लिहिल्या होत्या. त्या काढून टाकणार नाही, कारण काम कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पण लिहायचं होतं ते हे.

आमचं दुकान हिंगोलीत आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हळदीच्या व्यापाऱ्यांची बिलं, तेरवीच्या चिठ्ठ्या, निवडणूक आली की पत्रकं, आणि वर्षाकाठी एखाद-दोन पुस्तकं. गिऱ्हाईक हातानं लिहिलेला कागद आणतं. मी तो संगणकावर जुळवते आणि एक कच्ची प्रत काढते, तिला प्रूफ म्हणतात. ते मी वाचते, मग सलीमचाचा वाचतात. सलीमचाचा म्हणजे आमचे जुने कंपोझिटर. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवण्यात त्यांची उमर गेली. खिळे गेले, चाचा राहिले. आता ते कागद कापतात, बांधणी करतात आणि दुसरं वाचन करतात.

वाचणाऱ्याचा नियम एकच आहे. चुकलंय असं वाटलं तर दुरुस्त करायचं नाही. समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि विचारायचं. लिहिणाऱ्याचा शब्द त्याच्या मालकीचा असतो. पहिल्या दिवशी चाचांनी मला हेच सांगितलं होतं. "बेटी, आपण हमाल. पोतं उचलायचं, पोतं ठेवायचं. आत काय हाय ते बदलायचं न्हाई."

मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले. वडिलांची हौस होती. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं राहावं लागे, म्हणून मी दोन्ही भाषांत कमी बोलायला शिकले. मालकांनी मला घेतलं ते बोटांच्या वेगासाठी. त्यांना वाटलं, मराठी काय, घरचीच भाषा. मलाही तसंच वाटत होतं. पहिल्याच महिन्यात एका माणसानं फोन नंबर सांगताना 'एकोणऐंशी' म्हटलं आणि मी एकोणनव्वद टाकले. त्याच्या पिठाच्या गिरणीचे फोन सेनगावच्या एका वकिलाला जायला लागले. एका निकाहच्या पत्रिकेवर 'दावत' ऐवजी 'दवात' झालं, तेव्हा चाचा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "दवात म्हणजे शाईची दौत, बेटी. पाव्हण्यांना बिर्याणी देणार का शाई पाजणार?"

सगळ्यात मोठा घोटाळा साखरा गावच्या एका लग्नपत्रिकेत झाला. वडीलधाऱ्यांची यादी होती आणि वरच्या दोन नावांमागे 'कै.' होतं. मला वाटलं, वरच्या रांगेतल्या सगळ्यांना ते लावायचं असतं, आदरार्थी असावं. तिसऱ्या नावालाही मी लावलं. चाचांकडे प्रूफ गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे तिसरे वारले काय?" मी होकारार्थी मान हलवली. मला प्रश्नच नीट कळला नव्हता, पण मान हलवली. चार दिवसांनी ते तिसरे स्वतः दुकानात आले. पांढरी टोपी, हातात पत्रिका.

"कोण हाय ती पोरगी? मी मेलो कवा?"

मी उभी राहिले. 

"घाबरू नको. घरी समदे हसून राहिले. म्हातारी म्हणते, बरं झालं, आता तुमाला शंभर वर्सं मरण न्हाई, तुमचं मरण छापून झालं." चाचांनी एकेका पत्रिकेवरचं 'कै.' काळ्या शाईनं झाकून दिलं. ते बाबा तोवर बाकावर बसून चहा प्याले आणि जाताना मला म्हणाले, "इचारत जाय, माय. इचारल्यानं जीभ झिजत न्हाई."

माझी झिजायची. विचारलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग म्हणतो, "एवढं येत न्हाई?" त्या एका नजरेपायी मी काय काय टाळलं, त्याची यादी मोठी आहे. यादीत शेवटी मालनताईंची कादंबरी आहे.

ती आमच्याकडे आली ती एका जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून. एकच प्रत उरलेली. पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी, नाव 'थोरलीला मरण नाही'. कॉलेजच्या एका मॅडमनी प्रस्तावना लिहिली होती. तिच्यात 'अभिजात मनोविश्लेषणात्मक कादंबरी' असे शब्द होते. ते मी नुसते जुळवले. मग कादंबरी सुरू केली आणि दुपारचा डबा खायला विसरू लागले.

गावात पटकीची साथ येते. एका घरातली सगळी माणसं जातात, दोन बहिणी उरतात. थोरलीला तर तिरडीवर बांधायचं चाललेलं असताना ती पाणी मागते. गाव म्हणतं, हिला मरण नाही. गाव विसरतं, पण थोरली विसरत नाही. ती आजारपणात औषध घेत नाही, विहिरीच्या काठावर बसून केस विंचरते. आणि धाकटी घाबरत जाते. बहीण मरेल याची तिला भीती नसते. ती मरणारच नाही, आणि आपण मेल्यावर तिला जेवायला कोण वाढेल, याची असते. धाकटी म्हातारी होत जाते. थोरली आतल्या खोलीत तशीच. रोज ताट आत जातं. पाऊण पुस्तक झाल्यावर एका ठिकाणी धाकटी रिकामं ताट बाहेर आणते आणि अंगणातल्या कावळ्यांना हाकलते. तिथं माझी बोटं थांबली. ताट कोण रिकामं करतं? थोरली आहे तरी का त्या खोलीत? केव्हापासून नाही? पुस्तक ते सांगत नाही. लग्न, भांडणं, बाळंतपणं सगळं त्या खोलीच्या दाराबाहेर घडतं आणि धाकटी दाराशी बसून थोरलीला सांगत राहते.

शेवटचं वाक्य असं होतं: 'धाकटीने पदराच्या वाऱ्याने दिवा वाढवला आणि खोलीचे दार ओढून घेतले.'

मला ते अडलं. पदराच्या वाऱ्यानं दिवा कसा वाढेल? वारा घातला तर ज्योत जाईल. मला वाटलं, जुन्या छपाईत चूक झाली असणार. नियमाप्रमाणे समासात प्रश्नचिन्ह काढायचं होतं. पण प्रश्नचिन्ह काढलं की चाचा विचारणार, काय अडलं, आणि मी सांगितलं की त्यांची ती नजर. ती खरं तर वाईट नजर नाही. तरी.

मी लिहिलं: 'धाकटीने पदराआड धरून दिव्याची वात वाढवली आणि खोलीचे दार ओढून घेतले.'

नुसत्या अज्ञानानं नाही, हेही सांगायला हवं. सव्वादोनशे पानं मी त्या दोघींबरोबर होते. थोरलीच्या खोलीत उजेड राहावा असं मला वाटत होतं. मला तो शेवट आवडला. माझ्या वाक्यावर मी खूश होते.

शेवटच्या पानांचं प्रूफ तयार झालं तेव्हा चाचा लेकीच्या बाळंतपणासाठी वसमतला गेले होते. प्रकाशनाचा दिवस ठरलेला. मालकांनी विचारलं, "शेवटची पानं चाचानं बघितली ना?" मी हो म्हणाले.

त्या दिवशी अविनाश सर गेल्यावर कागद कापायच्या यंत्राचा आवाज थांबला. सलीमचाचा पुढं आले, हात पुसत.

"काय म्हणत होते मास्तर? दिवा वाढवला?"

"हो. तसंच होतं जुन्या पुस्तकात. मी जरा सोपं केलं, वात वाढवली केलं. अर्थ तोच आहे."

 चाचा माझ्याशेजारच्या स्टुलावर बसले.

"बेटी, रोज संध्याकाळी मी मालकाला काय म्हणतो?"

"दुकान वाढवा."

"मंग मालक काय करते?"

"शटर ओढतात."

बोलता बोलताच मला कळलं. चार वर्षं मी ते ऐकत होते. मला वाटायचं, चाचा रोज मालकांना धंदा मोठा करा म्हणून दुवा देतात. छान सवय आहे म्हणायचे मनात.

"बंद कर म्हणू नये, इझव म्हणू नये, फोड म्हणू नये," चाचा म्हणाले. "तुमच्यात नारळ फोडत न्हाईत, वाढवतात. बाईची बांगडी फुटली म्हणत न्हाईत, वाढली म्हणतात. आमच्यात भी तसंच, चिराग बढाना. वाईट बोल तोंडात नको म्हणून उलटा बोलायचा. त्या धाकटीनं दिवा इझवला, बेटी. थोरली गेली, हे तिनं शेवटी मान्य केलं. अख्खं पुस्तक त्या पदराच्या वाऱ्यासाठी हाय. आन् तू तो पेटवून ठेवला."

नारळ वाढवतात हे मला माहीत होतं. प्रत्येक उद्घाटनाच्या पत्रिकेत मी ते जुळवते. पण ते मी नारळापुरतंच शिकले होते.

"आन् मी हे वाचलं कवा?" चाचांनी विचारलं. "मालक म्हणले ना, दोन वाचनं झाली."

मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उठून यंत्राकडे गेले. जाताना म्हणाले, "मालकाला मी सांगू का तू?"

"मी सांगते."

तो मंगळवार होता. बुधवारी मी सांगितलं नाही. गुरुवारी मालकांचा मूड चांगला नव्हता, असं मी ठरवलं. शुक्रवारी चाचा माझ्याशी नेहमीसारखंच बोलले, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. मी कपाटातून अजून परत न गेलेली जुनी प्रत काढून शेवटचं पान पाहिलं. खाली, समासात, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'कुंदा, तुला सुटी.' जुळवताना ते मी पाहिलं होतं आणि वाचकानं केलेली खूण समजून सोडून दिलं होतं. प्रकाशनाच्या दिवशी कॉलेजच्या मॅडम भाषणात म्हणाल्या होत्या की मालनताई शाळेत शिकवायच्या, आजारी पडल्यावर त्यांनी हे पुस्तक अंथरुणात लिहिलं, आणि त्यांची सेवा करायला कुंदाताई होत्या. कुंदाआजी पहिल्या रांगेत मांडीवर पुस्तक घेऊन बसल्या होत्या, न उघडता. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणजे मरणाऱ्या थोरलीनं धाकटीला सोडवलं होतं. त्या ओळीच्या आधारानं आजी इतकी वर्षं जगल्या. आणि आता त्याच पुस्तकात, नव्या कोऱ्या छपाईत, बहीण त्यांना सांगत होती की दिवा विझू देऊ नकोस.

शनिवारी मी मालकांना सांगितलं. चाचांनी वाचलं होतं हे खोटं होतं, तेही. मालक टेबलावरच्या कागदाच्या कडा जुळवत राहिले. "चाचाचं नाव घेतलंस, हे लई वाईट केलंस," ते म्हणाले. मग म्हणाले, "शुद्धिपत्र काढ. चिठ्ठी छापू, सगळ्या प्रतींत चिकटवू. पण तिकडं जाऊन तमाशा करायची गरज न्हाई. दुकानाचं नाव जातं."

मी शुद्धिपत्र जुळवलं. 'पृष्ठ २२४ वरील शेवटच्या ओळीत "पदराआड धरून दिव्याची वात वाढवली" याऐवजी "पदराच्या वाऱ्याने दिवा वाढवला" असे वाचावे.' शुद्धिपत्राची भाषा ठरलेली असते. तिच्यात काय वाचावं ते असतं, कुणी चुकवलं ते नसतं. ती चिठ्ठी पाहून मला इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचीच लाज वाटली. अविनाश सर ती वाचतील. त्यांना 'वाढवली' आणि 'वाढवला' यातला फरक आधीच कळला नव्हता. मलाही कळला नव्हता. ते म्हणतील, बघ आत्या, एका काना-मात्रेचा तर फरक. आणि सोमवारी नांदेडला नेतील.

रविवारी सकाळी मी एसटीनं डोंगरकड्याला गेले. पिशवीत जुनी प्रत होती. कळमनुरी मागे पडल्यावर मी मनात वाक्यं जुळवायला लागले आणि बाळापूर येईपर्यंत ती सगळी शुद्धिपत्रासारखी झाली होती.

घर केळीच्या मळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. अविनाश सर ओट्यावर पेपर वाचत होते. मला ओळखून उठले. "अरे, छापखान्यातल्या ताई ना? या, या. काहून तकलीफ घेतली?" त्यांच्या पत्नीनं पाणी आणलं. मी म्हटलं, आजींना भेटायचंय. सर म्हणाले, "भेटा की. पण मोठ्यानं बोला, ऐकू कमी येतं. आन् मनावर घेऊ नका काय बोलली तर."

खोली लहान होती. फोटोतल्या मालनताईंचा चष्मा जाड, केस घट्ट बांधलेले. खाली पितळी निरांजन जळत होतं. दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसतही नव्हती नीट, पण भिंत काजळली होती. आजी पाटावर बसल्या होत्या. पदराचं टोक करपलेलं.

"छापखान्यातली पोरगी आलीय, आत्या," सरांनी ओरडून सांगितलं.

"बरं झालं. बस." त्यांनी नवं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "डोळ्याला दिसत न्हाई बारीक. शेवटचं वाच बरं. हा वाचतो पर मला याचा भरवसा न्हाई."

"आत्या, पाच वेळा वाचलं की म्या."

"तू गप. तिला वाचू दे. तिनंच जुळवलं म्हणत्यात."

मी पान उघडलं. पिशवीतली जुनी प्रत काढायला हवी होती. मी नवं वाचलं. माझं वाक्य, स्पष्ट उच्चारात, शाळेतल्या धड्यासारखं. वाचताना मला दिसत होतं की आजींचे ओठ माझ्यापुढं चाललेत, त्यांना पाठ असलेल्या दुसऱ्याच शब्दांवर, आणि मग ते थांबले.

"ऐकलं?" सर हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. ते थकले होते.

आजींनी निरांजनाकडे पाहिलं. "म्हणजे माझंच गेलं डोकं. मला वाटायचं तिनं मला मोकळं केलं. मी आपलं माझ्या सोयीचं लक्षात ठेवलं आन् निवांत जेवत राहिले एवढी वर्सं." त्यांनी तेलाची वाटी ओढली. "उद्या नेतो म्हणतोस ना नांदेडला? ने बाबा. पर माघारी येईस्तोवर इथं तेल कोण घालंल ते सांग."

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"काय म्हणती?"

"काही न्हाई आत्या, त्या म्हणतात—"

"तू थांब अविनाश. पोरी, मोठ्यानं सांग. मला ऐकू येत न्हाई."

सरांची पत्नी दारात येऊन उभी राहिली. बाहेर रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून आत बघत होती. मी जुनी प्रत काढून आजींच्या मांडीवर ठेवली, पेन्सिलीच्या अक्षरांवर त्यांचं बोट ठेवलं. आणि आयुष्यात कधी बोलले नव्हते इतक्या मोठ्यानं बोलले:

"आजी, तुमचं डोकं जागेवर आहे. मालनताईंनी दिवा वाढवला असंच लिहिलं होतं. म्हणजे विझवला! ते मी बदललं. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, आणि विचारायची लाज वाटली."